डोळ्यांची पारख

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासूला जाऊन लय वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द बोलायची आपल्यात रीत आहे. मी बोलणार नाही. त्या बाईनं माझ्या बहिणीचं अंगावर पिणारं लेकरू ओढून घेतलं होतं, आणि बाईचं ते तोंड आठवलं की आजही माझा घास कडू होतो.

आमची माय गेली तेव्हा बहीण सहा वर्षांची होती. मला झरीतच, गावातल्या गावात दिलेली, म्हणून ती अर्धी बापाजवळ आणि अर्धी माझ्या चुलीपाशी वाढली. तिचे केस मी विंचरले, तिच्या उवा मी मारल्या, तिला न्हाऊ मी घातलं. पुढं तिला सोनपेठच्या पलीकडं, गोदेकाठच्या एका गावात दिली. वावर चांगलं, माणसं कष्टाळू, नवरा गरीब स्वभावाचा. इतका गरीब की आईनं ऊठ म्हटलं की उठायचं आणि बस म्हटलं की बसायचं. दीड वर्षाची एक लेक होती त्यांना.

भादव्यात, पितरांचा पंधरवडा चालू होता, तेव्हा एका सकाळी बापाच्या दारात तिच्या सासरची बैलगाडी येऊन थांबली. जावई पुढं बसलेला. बहीण मागं, दोन्ही हातांनी गाडीच्या दोन्ही बाजू घट्ट धरून. बैल सोडले, गाडी जागची हलत नव्हती, तरी हिचे हात सुटेनात.

मी धावत गेले. "लेकरू कुटं हाय?" हे माझं पहिलं विचारणं.

जावई खाली बघून बोलला, "आई म्हनली, लेकरू इथंच ऱ्हाऊ द्या."

"कामून? माय इकडं आन् लेकरू तिकडं, ही कोनची रीत?"

"आक्का, हिची चाल बगा. दारू पेल्यावानी चालायलीय. घाटाच्या पायऱ्यांवर दोनदा पडली, डोईवरच्या घागरी फुटल्या. डोळे बी नाचवायलीय. गावात लोक बोलायलेत." मग तो म्हणाला, "तुळशीच्या लग्नापस्तोर बरी झाली तर निरोप धाडा. न्हाईतर आईनं दुसरी सोयरीक बघितलीय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पाणीसुद्धा न पिता तो परत गेला, आणि मी त्याला पी म्हटलंही नाही.

तिच्या सासरच्या गावात एक जाणती बाई होती. अंगात काही शिरलंय का, हे ती डोळ्यांवरून पारखायची. भरदुपारी खोलीची दारं लावून घ्यायची, पेटता दिवा हातात धरायचा आणि समोर बसवलेल्या बाईच्या तोंडापुढून तो सावकाश डावीकडून उजवीकडं न्यायचा. नुसत्या डोळ्यांनी ज्योतीमागं जायचं. डोळे सरळ गेले तर बाई साफ. डोळे अडखळले, झटके देत माघारी आले, तर नदीकाठचं काहीतरी तिला लागलेलं. हे आळीतल्या बायांना जमवून, सगळ्यांच्या देखत व्हायचं. माझ्या बहिणीचे डोळे अडखळले. मग मिरच्यांचा धूर दिला, कडुलिंबाच्या फोकांनी मारलं आणि विचारलं, तू कोण, कुठून आलीस? ती बिचारी आपलंच नाव सांगत राहिली, आणि ते खोटं म्हणून अजून मारलं.

त्या जाणतीचे हात झडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण एक कबूल करते, डोळे खरंच नाचत होते. मी तिला समोर बसवून बघितलं. एका कडेला बघ म्हटलं की बुबुळ तिकडं जायचं आणि तिथं ठरायचं नाही, बारीक बारीक हिसके द्यायचं. चालताना ती भिंत धरायची. उजेडात कसंतरी जमायचं, पण दिवेलागणीनंतर अंगणात पाऊल टाकलं की डाव्या अंगाला झोकांडी जायची. आणि दूध येत होतं. दिवसातून चारपाचदा ती भिंत धरत परसातल्या लिंबाच्या बुडाशी जायची, दूध पिळून टाकायची आणि तशीच भिंत धरत परत यायची. रडायची नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी माझ्यापुरता निकाल लावून टाकला होता. पंचमीला माहेरी आली तेव्हा ही धडधाकट होती. झोके घेतले, फेर धरले. एक कान ठणकत होता तेवढाच. त्यावर मी घरचा इलाज केला आणि दोन रोजात ठणका थांबला. नंतर तिला उलट्या झाल्या, गरगरायला लागलं, तेव्हा मी हसून म्हणाले, दिवस गेलेत बाई तुला! लाडू बांधून, ओटी भरून तिला सासरी धाडली. तिथं दिवसबिवस काही नव्हते. तेव्हा सासूनं चिडून हिच्या कानाखाली वाजवली असणार आणि डोक्यात काहीतरी हललं असणार. हे मी विहिरीवर सांगितलं, वावरात सांगितलं, पिठाच्या जात्याशी बसून सांगितलं. बहिणीला विचारलं, "मारलं ना ग त्या बुड्डीनं?" ती म्हणायची, "मारलं की. लय येळा मारलं." बस, मला एवढंच पाहिजे होतं.

माझा नवरा कापूस घेऊन परभणीला जायचा. त्यानं बातमी आणली की सरकारी दवाखान्यात हैदराबादेहून एक डाक्टर आलाय, कानाडोक्याचं बघतो. मी म्हटलं, नेऊ. आणि तिथं न थांबता, माझ्या जिभेला हाड नसल्यामुळं, सोनपेठच्या बाजाराला जाणाऱ्या एका माणसाबरोबर मी विहीणबाईला निरोप धाडला. अमुक दिवशी परभणीच्या दवाखान्यात या. तुमच्या डोळ्यांदेखत तपासू. डाक्टर जर म्हणाला की हिचं डोकं फिरलंय, तर आम्ही पुन्हा लेकराचं नाव काढणार नाही. आणि शहाणी म्हणाला, तर हिला तिथूनच घरी न्यायची आणि लेकरू हिच्या मांडीवर द्यायचं.

हे मी बहिणीला सांगितलं ते गाडीत बसल्यावर, परभणीची वाट अर्धी सरल्यावर. तिनं माझ्याकडं बघितलं. गाडीच्या हिसक्यांनी तिला नीट बघताही येत नव्हतं.

"आक्का, माजं लेकरू पणाला लावलंस?"

"मग काय करू? तुळशीच्या लग्नाची वाट बघत बसू?"

तिनं गाडीची बाजू घट्ट धरली. मला तिचा राग आला. इतकं करतेय मी हिच्यासाठी, आणि हिचं तोंड बघा, असं वाटलं.

दवाखान्यात दारावरच्या पट्टेवाल्यानं आधी आम्हाला हुसकून लावलं. निजामाचं राज्य, पाटी उर्दूत, आम्हाला एक अक्षर वाचता येईना, तर तो हसला. मी त्याला माझ्या मराठीत असं झापलं की त्यानं दुसऱ्या बाकावर जागा दिली. विहीणबाई आधीच येऊन बसली होती, नवं लुगडं नेसून. शेजारी तिचा लेक. लेकरू नव्हतं आणलं. माझ्या बहिणीची नजर आधी त्यांच्या हातांकडं गेली, मग मांडीकडं, मग मागच्या बाकाकडं. मी ते बघितलं आणि त्या बाईचा गळा धरावासा वाटला.

"आनलं न्हाई लेकराला?" मी विचारलं.

"कशाला? येड्या बाईच्या हातात द्यायला?" तिनं पदर सावरला. "तुमीच पैज लावलीय, ईनबाई. आता मागं सरू नका."

डाक्टर पन्नाशीचा, बारीक, काळ्या शेरवानीतला, बोलायला तुसडा. त्याची बोली दख्खनी, पण बाजार केलेल्या माणसाला ती कळायची. त्यानं कुणाचंच ऐकून घेतलं नाही. मी बोलायला लागले तर म्हणाला, "तुम चूप बैठो अम्मा. मेरे कू मरीज देखने दो." बहिणीला समोर बसवलं, बोट उभं धरलं. "उंगली देखो. सर नक्को हिलाव."

बोट सावकाश डावीकडून उजवीकडं गेलं.  तीच पारख! दिव्याच्या जागी बोट, एवढाच फरक. आणि डोळे तसेच अडखळले, कडेला जाऊन हिसके द्यायला लागले.

"बगा!" विहीणबाई ताडकन उठली. "आमच्या जाणतीनं हेच सांगितलं! आता हे बी तेच सांगायलेत!"

डाक्टरनं तिच्याकडं ढुंकून बघितलं नाही. बहिणीला पाय जुळवून उभी केली, डोळे मिटायला लावले. ती डाव्या अंगाला कलली, मी धरली. मग आरशाचा उजेड पाडून त्यानं तिचे दोन्ही कान बघितले. डाव्यात लय वेळ बघत बसला. नंतर तिला बाकड्यावर उताणी निजवली, कानाखाली तसराळं धरलं आणि माठातलं गार पाणी पिचकारीत भरून डाव्या कानात सोडलं.

आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो. काही झालं नाही. डोळे होते तसेच राहिले. डाक्टर मनाशी काहीतरी मोजत थांबला. मग म्हणाला, "अब दूसरा."

उजव्या कानात पाणी गेलं, आणि थोड्या वेळानं माझ्या बहिणीचे डोळे असे उडायला लागले, असे झटके द्यायला लागले, की मी स्वतः घाबरले. तिनं बाकडं घट्ट धरलं. "आक्का, फिरायलंय गं समदं," ती ओरडली.

"आलं! आलं अंगात!" विहीणबाईचा आवाज पार ओसरीपर्यंत गेला. "आत या रं, बगा! आता तरी पटलं का? ईनबाई, लेकराचं नाव काढायचं न्हाई, तुमच्या तोंडचा सबुद हाय!"

 मला वाटलं, गेलं. मी लावलेल्या पैजेत बहिणीचं लेकरू गेलं.

डाक्टर मात्र हसला. "अम्मा, ये तो सबकू होता. तुमारे कू भी होता."

"मला? माझ्या सात पिढ्यात कुनाला लागलं न्हाई!" ती फणकारली. "घाला की माज्या बी कानात! काय होतंय बघू!"

तिनं स्वतः म्हटलं, सगळ्यांदेखत. डाक्टरनं तिचा कान आधी आरशानं बघून घेतला, मग तिला निजवली आणि पिचकारी सोडली. दहा आकडे झाले, पंधरा झाले, ती मला म्हणायला लागली, "बगा, काय सुदिक..." आणि तिथंच तिची बुबुळं सुटली. दोन्ही डोळे टकाटका एका बाजूला उडायला लागले. तिनं दोन्ही हातांनी लेकाचं धोतर पकडलं. "पडले रं! धर मला, पडले!" मग कुशीवर वळून तिनं नव्या लुगड्यावर भडाभडा ओकून टाकलं.

मी हसले. तोंडाला पदर न लावता हसले. इतकी मी माझ्या लग्नातही हसले नव्हते. "विचारा गं हिला कुनीतरी," मी म्हटलं, "तू कोन, कुटून आलीस? आना मिरच्या!"

जावई मात्र हसला नाही. तो आईच्या डोळ्यांकडं बघत होता, वाकून, अगदी जवळून. मग त्यानं आपल्या बायकोकडं बघितलं. त्या गरीब माणसाच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला तेव्हा दिसलं. फोक मारले तेव्हा तो दाराबाहेर उभा होता.

डाक्टरनं त्यालाच जवळ बोलावून समजावलं. चांगल्या कानात गार पाणी गेलं की डोळे नाचायलाच पाहिजेत, ते निरोगीपणाचं लक्षण. हिच्या डाव्या कानात पाणी गेलं आणि डोळे नाचले नाहीत, रोग तिथं आहे. कानाच्या आत माणसाचा तोल राखणारा तराजू असतो, त्याचं एक पारडं हिचं मेलंय. "दिमाग एकदम साफ है. पागल नहीं है ये." कान परत येणार नाही, पण चालायला जमेल. अंधारात एकटी सोडायची नाही, पायऱ्यांवर डोईवर घागर द्यायची नाही. जावयानं दोनदा विचारलं, "डोस्कं ठीक हाय ना, साहेब?" आणि डाक्टरनं दोनदा हो म्हटलं. कागदावर लिहून शिक्काही मारून दिला.

मी जिंकले होते. तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण डाक्टरनं विचारलं की कानाला काय झालं होतं, आणि मी लगेच तोंड घातलं, "ह्या बुड्डीनं मारलं, साहेब! कानाखाली मारलं!"

"मार नहीं है," तो म्हणाला. "परदा जल के जुडेला है. कुछ डाले तुम लोगां इसमें. क्या डाले?"

 बहीण बाकड्यावर उठून बसली होती, तिचे डोळे अजून पुरते ठरले नव्हते. ते हिसके देत माझ्यापर्यंत आले. माझ्यावर थांबले. मग तिनं ते डाक्टरकडं वळवले.

"रुईच्या पानाचा रस," ती म्हणाली. "मीच घातला."

आमच्याकडं कान ठणकला की रुईचं पान वापरतात. पण कुठलंही नाही. झाडावरच पिकून पिवळं झालेलं पान घ्यायचं, त्याला तूप लावायचं, निखाऱ्यावर शेकायचं आणि दोन थेंब पिळायचे. मायनं मला शिकवलं होतं. पंचमीच्या दिवशी मला घाई होती. पुरणाचा घाट घातलेला, बाया झोक्याला खोळंबलेल्या, आणि ही कान धरून बसलेली. बांधावरच्या रुईला पिवळं पान दिसलं नाही. पुढच्या बांधापर्यंत कोण जाणार? मी हिरवं तोडलं. देठातून पांढरा चीक भळाभळा गळत होता. तो चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कानाचा विचार मी केला नाही. शेकलं न शेकलं आणि पिळलं. ती किंचाळली, "आक्का, जळायलंय!" मी तिचं डोकं मांडीवर दाबून धरलं आणि म्हणाले, "गप बस, नखरे करू नको."

हे सगळं मला त्या खोलीत उभ्याउभ्या आठवलं. विसरले होते असंही नाही. विहिरीवर, जात्यावर जेव्हा जेव्हा सासूनं मारलं म्हणून सांगत होते, तेव्हाही ते कुठंतरी आत होतं आणि मी त्यावर आवाज चढवत होते.

"सोताच्या हातानं!" लुगडं पुसता पुसता विहीणबाईला जोर आला. "सोताच्या हातानं कान जाळून घेतला, आन् नाव आमचं!"

डाक्टरनंही बहिणीलाच झापलं. अडाणी, जाहिल, काय काय म्हणाला. ती खाली मान घालून ऐकत राहिली. एक शब्द बोलायला पाहिजे होता मी. एकच. मी बोलले नाही. पट्टेवाल्याला झापणारी, जावयाला पाण्याविना परत धाडणारी, तोंडाळ म्हणून पंचक्रोशीत नाव असलेली मी, तिथं मुकी झाले. मनाला सांगितलं की आता बोलले तर पैज मोडेल, लेकरू अडकेल. खोटं होतं ते. मला भीती वाटली त्या बाईनं माझ्याकडं बघून हसण्याची.

जावई म्हणाला, "आई, निघू. हिला घेऊन निघू." आईपुढं तो पहिल्यांदाच असं बोलला असेल. बहीण त्याच्या खांद्याला धरून गाडीत चढली. जाताना मला म्हणाली, "आक्का, येते." एवढंच.

लेकरू तिला मिळालं. दुसरी सोयरीक मोडली. पण त्या घरात सासू जगली तोवर रोज, भाकरी करपली तरी आणि पाणी सांडलं तरी, तिला तेच ऐकावं लागलं, सोताच्या हातानं कान जाळून घेतलेली. मला हे माहीत होतं. जाऊन सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं.

पुढच्या पंचमीला ती लेकीला घेऊन आली. दिवसा चांगली चालायची आता. माझ्याशी हसून बोलली, माझ्या हातचं जेवली, माझ्याकडून केस विंचरून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकरू रडत उठलं, हात कानाला लावत होतं. मी चुलीपाशी होते. रस नाही, पान नाही, नुसतं फडकं तव्यावर गरम करून शेकावं म्हणून मी उठले आणि ते फडकं हातात घेऊन लेकराजवळ गेले.

 बहिणीनं लेकराला छातीशी ओढलं आणि आपले दोन्ही तळवे त्याच्या दोन्ही कानांवर घट्ट झाकून धरले. मी फडकं हातात धरून उभी राहिले, ते गार होईपर्यंत.